बारा पावलं कुणी खाल्ली?

"अठरा!"

शेवटचं पाऊल टाकून उनाइसी लाल फडकं बांधलेल्या खुंटीपाशी थबकली. तिनं वळून आपल्या घराच्या पायरीकडे पाहिलं. तशीच परत गेली आणि पुन्हा मोजत आली. पुन्हा अठराच!

"काल तीस होती," ती म्हणाली. "परवाही तीस. अख्खा आठवडाभर तीस!"

"मग सुट्टीत तुझे पाय लांबले असतील," पायरीवर बसून गरम बाबाकाऊ, म्हणजे तळलेला गोल पाव, खाणारा तिचा मित्र इलिसोनी म्हणाला. "आईला सांग, यंदा शाळेला बूट घेऊ नकोस, दोन होड्याच घे!"

त्याची नऊ वर्षांची बहीण केसा खुदकन हसली. हसता हसता तिनं भावाच्या हातातला उरलेला बाबाकाऊ पळवलासुद्धा.

उनाइसीला मात्र हसू आलं नाही. नावुनिदोंगो गावात तिचंच घर सगळ्यांत सखल, रग्बीच्या मैदानाला अगदी खेटून. गेल्या उधाणाला समुद्र मैदान ओलांडून थेट चुलीपर्यंत आला होता. तीन दिवस घरात चिखल आणि मेलेल्या मासळीचा वास! तेव्हा आई म्हणाली होती, "पुन्हा एकदा पाणी आत आलं ना, की गाव सोडायचं. लौतोकाला मावशीकडे जायचं, कायमचं." बाबा सैन्यात, सातासमुद्रापार. ठरवणारी आईच, आणि ती तोंडाची वाफ दवडणाऱ्यांतली नव्हती. पुढचं मोठं उधाण ईस्टरला होतं, बरोबर आठ दिवसांनी!

म्हणून तर त्या खुंट्या लावल्या होत्या. सुवा शहरातून मिस सालोते आल्या होत्या. पाणी, माती आणि झाडं यांना नीट जागा कशी लावून द्यायची, याचं त्या शिक्षण घेऊन आल्या होत्या. बुबू, म्हणजे उनाइसीची आजी, त्यांना म्हणायची 'जमिनीची शिंपीण'. पण शिंपीण मोठी शहाणी! पहिला आठवडाभर तिनं कागद उघडलाच नाही. नुसती बुबूच्या मागून अनवाणी फिरली. मैदान लांबवण्यासाठी फार पूर्वी बुजवून टाकलेला ओहोळ बुबूनं तिला तळपायांनी शोधून दिला. "इथं माती अजून गार लागते. पाणी आपली वाट विसरत नाही, माणसं विसरतात," बुबू म्हणाली.

मग एका इंजिनिअरनं तिकाटणं लावून उंचसखलपणा मोजला. बायकांनी बांधावर लावायला वाळ्याची रोपं वाढवली. मुलांनी ओहोळाच्या तोंडाशी गुडघाभर चिखलात सहाशे तिवरं लावली. बुजलेला ओहोळ पुन्हा उघडायचा, म्हणजे उधाणाचं पाणी घरांकडे न येता तिवरांमधून मागच्या दलदलीत जाईल, असा बेत सगळ्या गावानं मिळून ठरवला. त्यापायी मैदान बारा पावलं आखूड होणार होतं. यंगोनाच्या मुळ्यांचं पेय पीत बसलेल्या पुरुषांनी त्यालाही माना डोलावल्या होत्या.

पण मान डोलावणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं!

"तीस वजा अठरा, बारा," इलिसोनी आता उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा गेली होती. "अकराच्या अकरा खुंट्या सरकल्यात, आणि तुमच्या घराकडेच!"

"आणि खोदाईचं यंत्र उद्या सकाळी येतंय!" उनाइसी म्हणाली. "इथं खणलं तर चराचं तोंड तिवरांकडे जाणारच नाही. जाईल सरळ किनाऱ्यावरच्या त्या मोठ्या काळ्या खडकावर. मग पाणी तुंबून वळेल कुठं?"

तिघांनीही एकदमच चुलीकडे पाहिलं.

"खेकड्यांनी नेल्या असतील का?" केसानं विचारलं.

"हो तर! खेकड्यांनी दोरी धरून, एका ओळीत, बारा-बारा पावलं मोजून नेल्या!" इलिसोनी म्हणाला.

केसानं त्याला वेडावून दाखवलं आणि ती मैदानावर पळाली. एवढ्यात तिच्या पायाखाली काहीतरी मऊसं दबलं.

"अगं, इथं जमिनीला बूच लावलंय!"

खरंच की! गवतात, मुठीएवढ्या भोकात, नारळाचं सोडण घट्ट कोंबलेलं होतं. पुढे आणखी एक. त्याच्या पुढे आणखी एक. तिघं गुडघ्यांवर रांगत सुटले. एकूण अकरा बुचं, अगदी सरळ रेषेत! उनाइसीनं तिथून घरापर्यंत पावलं टाकली. बरोबर तीस.

"खुंट्या काढल्या आणि भोकं बुजवली," इलिसोनी कुजबुजला. "पण चोर भोकं कशाला बुजवेल? त्याला पळायची घाई असते ना?"

"भोकात कुणाचा पाय पडून मुरगळू नये म्हणून!" उनाइसी म्हणाली आणि बोलता बोलता तिचा चेहराच उतरला. "या गावात दुसऱ्यांच्या घोट्यांची काळजी कोण करतं?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. गावच्या रग्बी संघाला शिकवणारा सिरेली, म्हणजे उनाइसीचा मोमो, तिच्या आईचा सख्खा भाऊ! ईस्टरला सात गावांची स्पर्धा होती आणि यंदा यजमान नावुनिदोंगो.

मोमो सिरेली पोरांना पळवत होता. दंड नारळाच्या बुंध्यासारखे, आवाज शंखासारखा.

"मोमो, त्या खुंट्या कुणी हलवल्या?" उनाइसीनं सरळच विचारलं.

"खुंट्या?" मोमोनं आकाशाकडे पाहिलं. खोटं बोलताना तो नेहमी आकाशाकडे पाही. "कुठल्या खुंट्या? वाऱ्यानं हलल्या असतील."

"वारा सोडणं कोंबून गेला वाटतं?"

"ए, लहान तोंडी मोठा घास नको! जा, शिंपले वेचा जा!"

अख्खा संघ खो-खो हसला. उनाइसीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. गावप्रमुखांकडे जावं, तर ते स्पर्धेचा मांडव घालण्यात गुंतलेले. "उद्या मिस आल्या की बघू," एवढं म्हणून त्यांनी पाठ फिरवली. बैल गेला आणि झोपा केला, तशातली गत! मिस दुपारच्या बसनं येणार आणि यंत्र येणार सकाळी सातला.

तिघं टेकडीवर चढले, कारण फोन लागायचा तो फक्त तिथंच. मिस सालोतेंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मी पहाटेची बस धरते, तरी दहा वाजतील," त्या म्हणाल्या. "तोवर यंत्र थांबवा."

"मिस, आम्हीच खुंट्या परत ठोकू का? आत्ता लगेच ठोकतो!"

"नको गं! आज तुम्ही हलवाल, उद्या तो पुन्हा हलवेल, परवा आणखी कुणी. हा ओहोळ माझ्या एकटीचा नाही, उनाइसी. माझा फक्त कागद. गावानं मनापासून जपला नाही, तर तो वर्षभरात गाळानं बुजेल. ज्यानं काढल्या, त्यानंच त्या परत ठोकायला हव्यात."

फोन बंद झाला. तिघं टेकडीवर गुडघे पोटाशी घेऊन बसले.

"मोमो? आणि स्वतःहून?" इलिसोनी म्हणाला. "त्यापेक्षा शार्क शाकाहारी होईल!"

"त्याला नाही म्हणता येणार नाही, असं काहीतरी हवं," उनाइसी पुटपुटली.

केसा गवताची काडी चावत होती. "तू तर त्याची वासू आहेस ना? मग मागून टाक की!"

दोघं तिच्याकडे बघतच राहिले. वासू म्हणजे बहिणीचं लेकरू. त्यानं मामाच्या वस्तूवर हात ठेवून "ही माझी" म्हटलं, की मामानं हसतमुखानं द्यायची. डुक्कर असो, होडी असो, नाहीतर पोटच्या पोराची चटई. नाही म्हणणाऱ्या मामाला गाव जन्मभर हसणार! आणि मैदानाची ती कड तर मोमोच्याच घराण्याची!

"केसा," इलिसोनी गंभीरपणे म्हणाला, "आजपासून माझा बाबाकाऊ तुझा."

"तो तर मी तसाही घेते!"

सकाळी सातला खोदाईचं यंत्र घरघरत आलं. चालवणारा सुरुजबली खाली उतरला. उनाइसीनं त्याच्यापुढे मिसचा कागद धरला.

"मिसला येऊ दे ना, काका! फक्त तीन तास!"

"बेटी, संध्याकाळी मला दुसऱ्या गावी जायचंय. आज गेलो तर दोन महिन्यांनी उगवेन," तो मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "आणि मला कागदातलं कळत नाही. खुंटी असेल तिथं खणतो."

गाव गोळा झालं. बायका वाळ्याची रोपं घेऊन आल्या. आई दारात उभी होती, हाताची घडी घालून. मोमो सिरेली संघासह आला तो छाती काढूनच.

उनाइसी चालत मैदानाच्या टोकाशी गेली, खाली बसली आणि दोन्ही तळवे गवतावर टेकवले.

"मोमो सिरेली!" तिचा आवाज आधी चिरकला, मग खणखणीत झाला. "मी तुझी वासू. मैदानाच्या या टोकाची बारा पावलं मी घेतली. ही माझी!"

नीट ऐकू यावं म्हणून सुरुजबलीनं यंत्र बंद केलं.

मोमो आधी लाल झाला, मग हसला. "मैदान? तुला? कोंबड्या पाळायच्यात का?"

"ओहोळ पाळायचाय!"

हशा पिकला. चारशे डोळे मोमोवर खिळले होते. वासूला नाही म्हणणारा मामा? छे, छे! त्यानं मिशीला पीळ दिला.

"सिरेलीच्या दारातून वासू रिकाम्या हातानं गेली नाही कधी! घे! दिली बारा पावलं!"

"अशी नको," उनाइसी म्हणाली. "कुठून कुठवर, ते सगळ्यांसमोर तूच दाखव. नाहीतर उद्या म्हणशील, मी दिलीच नव्हती."

"मी? मी शब्द फिरवीन?" मोमोचा अभिमान असा फुगला, की अक्कल बाहेर पडायला वाटच उरली नाही! तो तरातरा चालत गेला, एका जागी वाकला आणि गवतातलं सोडण उपटून काढलं. "ही घे तुझी पहिली खूण! ही दुसरी! ही तिसरी! आणि ही..."

चौथं सोडण हातात घेऊन तो तसाच वाकलेला राहिला.

"सिरेली," गर्दीतून बुबूचा आवाज आला. "गवताखालची भोकं तुला न बघता सापडतात होय रे? मला वाटलं, वाऱ्यानं कोंबली!"

असा हशा उसळला, की झाडावरचे पोपट उडाले! संघातल्या पोरांनी तर गवतावर लोळण घेतली. मोमोनं आकाशाकडे पाहिलं, पण तिथंही कुणी मदतीला नव्हतं.

"हलवल्या मीच," तो शेवटी म्हणाला. "सात गावं यायची आणि आपलं मैदान आखूड? लोक काय म्हणतील! बारा पावलांनी काय होतंय, असं वाटलं मला."

"काय होतंय?" इतका वेळ गप्प असलेली आई दारातून मैदानात आली. "तुझी बहीण गाव सोडून जाते, सिरेली. तुझी वासू जाते. एवढंच होतंय."

मोमोच्या हातातलं सोडण गळून पडलं. मागल्या उधाणात बहिणीला चिखलातून उचलून त्यानंच तर बाहेर आणलं होतं! त्यानं हातोडा मागून घेतला आणि एकेक खुंटी उपटून स्वतःच्या हातानं जुन्या भोकात ठोकली. अकराच्या अकरा.

दहाला मिस सालोते आल्या तेव्हा अर्धा ओहोळ उघडला होता आणि तळाशी खरोखरच गार, काळी माती लागली होती. मोमो मान खाली घालून त्यांच्यापुढे उभा राहिला.

"मैदान आखूड पडतंय, हे त्या दिवशी का नाही सांगितलं?" मिस म्हणाल्या. "माना डोलावून मला कसं कळणार? थांबा जरा." त्यांनी कागद गुडघ्यावर पसरला. "मैदान थोडं तिरकं वळवलं तर? हा कोपरा नीरफणसाकडे. मोजा बरं!"

मोमो मोजत गेला. मोजून परत आला, तो जवळजवळ नाचतच!

"दोन पावलं जास्तच भरली, मिस! आणि ओहोळाच्या बांधावर प्रेक्षक बसतील!"

"वाळ्यावर नाही!" बायका एकसुरात ओरडल्या. "वाळ्यावर बसलात तर बघा!"

दुसऱ्या दिवसापासून संघ सरावाआधी ओहोळावर राबायला लागला. दगड रचले, बांध चोपला, वाळा लावला.

आणि ईस्टरचा शनिवार उजाडला. भरती सकाळी दहाला होती, स्पर्धा दुपारी. पण सकाळी रग्बीचं कुणाला सुचतंय! सारं गाव ओहोळाकाठी उभं होतं. आईनं चटया गुंडाळून माळ्यावर टाकल्या होत्या.

पाणी आलं. आधी तिवरांच्या कोवळ्या पानांभोवती घुटमळलं. मग फुगत, फेसाळत थेट ओहोळात शिरलं. वीत, दोन वीत, कमरेइतकं... उनाइसीनं केसाचा हात इतका घट्ट धरला, की ती ओरडली. बांधाच्या माथ्याला चार बोटं उरली. तीन उरली.

आणि पाणी थांबलं! क्षणभर नुसतंच चमकत राहिलं, मग सावकाश, मुकाट्यानं मागच्या दलदलीकडे वळलं. घराकडे एक थेंबही आला नाही.

"इसा! वळलं रे पाणी!" इलिसोनी किंचाळला आणि गावभर एकच कल्ला उसळला!

गावप्रमुखांनी मुलांना सगळ्यांपुढे उभं केलं. "काल मी तुमच्याकडे पाठ फिरवली... काल नव्हे, आठवड्यापूर्वी," ते गडबडले. "चूक माझी झाली. पाणी ओहोळानं अडवलं खरं, पण ओहोळ वाचवला तो या तिघांनी!"

मिस सालोते म्हणाल्या, "माझ्यासोबत शिकलेल्यांपैकी किती जणांना ती बुचं दिसली असती, देव जाणे!"

बुबूनं तिघांना आपादमस्तक न्याहाळलं. "बरे निपजलात," ती म्हणाली. बुबूच्या तोंडून एवढं ऐकायला लोकांचे केस पिकतात!

उनाइसी घराकडे धावली. "आई! आपण राहायचं ना? आई?"

आई पायरीवर बसली होती, खांबाला टेकून. महिनाभर रात्री उठून उठून पाणी बघणारी आई भर दिवसा गाढ झोपली होती. तोंड किंचित उघडं, आणि चक्क घोरत!

दुपारी मोमोच्या संघानं चेंडू रेषेपलीकडे टेकवून पहिला ट्राय केला, तेव्हा गाव आरोळी ठोकणार, इतक्यात उनाइसीनं ओठांवर बोट ठेवून हात हलवले. मोमो सिरेली लगेच वळला आणि आपल्या शंखासारख्या आवाजाला आयुष्यात पहिल्यांदाच आवर घालत कुजबुजला,

"शू! कुणी ओरडायचं नाही! माझी बहीण झोपलीय!"

आणि सात गावांनी मिळून, हात नुसते हवेत हलवून, तो ट्राय साजरा केला.