नोटेवरच्या राणीचे ओठ

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही. हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडलंय, आणि माझ्या मेव्हण्यांनी, म्हणजे दाजींनी, स्वतःच्या तोंडाने मला सांगितलंय.

रात्र नव्हती. वीज गेली नव्हती, की कुठे कुत्रं रडत नव्हतं.

मागच्या हिवाळ्यातली स्वच्छ दुपार होती.

दाजी दातांच्या कवळ्या बनवतात. तळमजल्यावरच्या घराची पुढची खोली हेच त्यांचं कामाचं ठिकाण. टेबलावर जबड्यांचे साचे, मेणाच्या वड्या आणि एक मोठं भिंग.

त्यांना नाद एकच. इंग्लंडच्या राणीचं चित्र असलेल्या नोटा. राष्ट्रकुलातल्या कुठल्या कुठल्या देशांच्या, नकाशात शोधूनही सापडू नयेत अशा बेटांच्या. सगळीकडे राणी तीच. एका नोटेवर कोवळी मुलगी, दुसरीवर भारदस्त बाई, तिसरीवर पिकल्या केसांची आजी. माणसाचं वय आधी ओठांच्या कोपऱ्यात दिसतं, असं दाजी म्हणायचे.

"दिवसभर लोकांची तोंडं बघता, आणि विरंगुळा म्हणून परत तोंडच?" असं म्हणून ताई त्यांची यथेच्छ टिंगल करायची.

करायची... कारण आता ताईला आवाजच नव्हता.

गळ्याच्या ऑपरेशनमध्ये आवाजाची नस दुखावली होती. परत येईलही, कदाचित येणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. जिच्या बडबडीपुढे रेडिओ बंद करावा लागायचा, ती माझी ताई पाटीवर लिहून बोलायची. कुणाला बोलवायचं असलं की चमच्याने कप वाजवायची.

घर नुसतं मुकं झालं होतं.

अशात दाजींना एका अल्बमचा पत्ता लागला. बोटीवर रेडिओ ऑफिसर असलेल्या एका म्हाताऱ्याचा. बंदराबंदरातून जमवलेल्या नोटा. म्हातारा वारला होता आणि सून घर आवरत होती. अल्बम तिने टॉवेलात गुंडाळून बाल्कनीत ठेवला होता.

"अहो, बाहेर का ठेवलाय? नोटा दमट होतील ना," दाजी म्हणाले.

"आत असला की झोप लागत नाही."

एवढंच बोलली. दाजींना वाटलं, कुबट वास येत असेल. पैसे देऊन ते अल्बम घरी घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ताई आत झोपली होती. दाजी भिंग घेऊन बसले. पानामागून पान. राणी, राणी, राणी. ओठ मिटलेले, जरासं हसू.

मग एक नोट आली. कुठल्याशा बेटाची, हिरवट.

त्या राणीचे ओठ... किंचित विलग होते.

शाई झिजली असेल, असं म्हणत दाजींनी अल्बम मिटला आणि हात धुवायला स्वयंपाकघरात गेले.

नळ बंद केला, तेवढ्यात...

"अहो..."

बाईचा आवाज. घोगरा, हळू. पुढच्या खोलीतून.

त्या घरात त्यांना 'अहो' म्हणणारी एकच बाई होती. ते धावले.

पुढच्या खोलीत कुणी नव्हतं.

अल्बम मात्र उघडा होता. त्याच पानावर.

ते तसेच झोपायच्या खोलीत गेले. ताई गाढ झोपेत होती. त्यांनी तिला हलवून उठवलं. "अगं, बोललीस तू! बोल ना परत!"

ताईने नुसती मान हलवली. पाटी ओढून लिहिलं, "मी नाही."

नंतर रोज दुपारी तेच होऊ लागलं. ताई झोपली की पुढच्या खोलीतून हाक यायची. दाजी गेले की... शांतता. फक्त अल्बम उघडा.

आणि ओठ कालच्यापेक्षा जास्त उघडे.

एके दिवशी भिंगाखाली दात दिसले. दाजी बराच वेळ बघत राहिले, मग त्यांच्या ध्यानात आलं. ते दात खरे नव्हते. सगळे एका उंचीचे, हिरडीपासून जरा सुटलेले. सैल झालेली कवळी होती ती. उभ्या आयुष्यात त्यांनी दुसरं पाहिलंय काय!

ही राणी नव्हती. दुसरंच कुणीतरी तिच्या तोंडाने बोलत होतं.

त्या दिवशी हाक ताईनेही ऐकली. ती भिंतीला धरून बाहेर आली. तिच्या हातातल्या पाटीवर लिहिलं होतं, "ही बाई कोण आलीय घरात?"

दाजींनी अल्बमकडे बोट दाखवलं.

तिने पुसून लिहिलं, "परत करा ते. आजच."

"करतो गं. उद्या करतो."

पण उद्याचा परवा झाला. दाजी मला म्हणाले, "तुला खोटं कशाला सांगू? भीती वाटायची. पण किती महिन्यांनी मला त्या घरात कुणी 'अहो' म्हणत होतं रे."

मग एका दुपारी हाक आलीच नाही.

दाजी वाट बघत बसले. घड्याळाची टिकटिक तेवढी. शेवटी त्यांनीच अल्बम उघडला.

राणीचे ओठ मिटलेले होते. इतर नोटांवर असतात तसेच.

त्यांनी श्वास सोडला. सुटलो, असं वाटलं. थोडं वाईटही वाटलं.

आणि स्वयंपाकघरातून...

"अहो, दूध उतू जातंय!"

ताई गॅसपाशी उभी होती. एक हात गळ्यावर. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

ताई बोलत होती!

डॉक्टर खूश. नस सुधारली, म्हणाले. मला फोन आला तेव्हा मीही रडलो. आवाज जरा जाड वाटला, खरखरीत. पण एवढ्या ऑपरेशननंतर एवढं चालायचंच, नाही का?

तरीही दाजींना तो अल्बम घरात नको होता. ताईही हट्टाने बरोबर निघाली. म्हाताऱ्याच्या सुनेने दार उघडलं.

"हा परत ठेवून घ्या," दाजी म्हणाले.

"पैसे नकोत हो आम्हाला," ताई म्हणाली. "फक्त हा घेऊन टाका."

त्या बाईचा चेहरा पांढराफटक पडला.

"परत बोला..."

"काय बोलू?"

बाईने दाराची चौकट घट्ट धरली. ताईकडे न बघता, खालच्या आवाजात दाजींना म्हणाली, "सासूबाई गेल्यावर सासरे दिवसभर या नोटांसमोर बसून बोलायचे. राणीशी गप्पा चालल्यात, म्हणून आम्ही हसायचो. मग एक दिवस त्यांना अल्बममधून कुणीतरी उत्तर दिलं. मी माझ्या कानांनी ऐकलंय. सासूबाई अंथरुणावर होत्या तेव्हा सगळं मीच करायचे त्यांचं, अगदी कवळी धुण्यापासून. हा आवाज मी झोपेतही ओळखेन."

दाजींनी अल्बम पुढे केला. तिने हात मागे घेतले.

"तो असू दे तुमच्याकडेच. आता त्यात कुणी नाही."

दार बंद झालं.

जिना उतरताना ताई हसली. "विचित्रच बाई."

दोन पायऱ्या झाल्यावर, सहज बोलावं तसं म्हणाली, "पहिल्यापासून अशीच आहे ती."

दाजींचे पाय जिन्यातच थबकले.

ताई त्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा भेटत होती.

"पहिल्यापासून म्हणजे?" दाजींनी विचारलं.

"मी कुठे काय बोलले?" ताई म्हणाली. तिला खरंच काही आठवत नव्हतं.

त्यानंतर असं पुन्हा झालेलं नाही. अल्बम दाजींनी एका दुकानदाराला देऊन टाकला, नोटा गोळा करणंही सोडलं. ताई ठणठणीत आहे. हसते, टिंगल करते, आमच्या लहानपणीचं तिला सगळं आठवतं. ती माझी ताईच आहे, याबद्दल मला शंका नाही.

पण गेल्या आठवड्यात दाजी मला घराबाहेर फुटपाथवर घेऊन गेले. आतून ताईच्या गाण्याचा आवाज येत होता.

"तू तिचा धाकटा भाऊ. लहानपणापासून ऐकत आलायस," ते हळूच म्हणाले. "मला आता आठवतच नाही रे. तुला आठवतो का तिचा आधीचा आवाज?"

मी लगेच हो म्हणालो.

तेव्हापासून रोज आठवून बघतोय. तिने मला शाळेतून आणताना मारलेल्या हाका, तिची भांडणं, तिचं खिदळणं... सगळं जसंच्या तसं आठवतं.

पण प्रत्येक आठवणीत ती आता याच आवाजात बोलते.