एक तुकडा कमी

केर्केना बेटाच्या बोटीवर वाऱ्याला कुणाचीच भीडभाड नसते. त्या रविवारी त्याने एमनाच्या हातातला कागद हिसकावला, डेकवर दोनदा लोळवला आणि कठड्यापाशी उभ्या असलेल्या एका तरुणाच्या बुटाखाली नेऊन ठेवला.

"पाय उचला... अहो, पाय!"

"उचलला तर समुद्रात जाईल," तो म्हणाला. वाकून त्याने कागद सावकाश सोडवला आणि नको तेवढा वेळ वाचला. "लिनक्सच्या प्रोग्रामांची यादी? बोटीवर?"

ही गोष्ट दोन हजार तीन सालची. एमना बेटावरच्या शाळेत गणित शिकवायची. शाळेत बारा जुने संगणक होते आणि इंटरनेट फक्त नावाला. म्हणून प्रोग्राम यायचे ते समुद्रापलीकडच्या सफाक्सच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, सीडीवर. पण एकेका प्रोग्रामला चालायला आणखी चार तुकडे लागत, आणि त्यातला एक जरी नसला की संगणक हटून बसायचा. मग पुन्हा बोट, सवा तास जायला आणि सवा तास यायला.

"तिथे कुणीतरी एक दीडशहाणा आहे," एमना तावातावाने म्हणाली. "सगळ्यांना लागणारा तुकडा म्हणे एकदाच घ्यायचा आणि सगळ्यांनी मिळून वापरायचा. जागा वाचते म्हणे! त्याला एकदा आमच्या बेटावर आणून खांबाला बांधायला हवं."

"नाव काय त्याचं?"

"वज्दी. भेटला तर सांगा त्याला."

"सांगतो," तो म्हणाला, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "...सांगितलं."

एमनाने पदरचं सगळं धैर्य गोळा करून समुद्राकडे तोंड फिरवलं. पण हसू काही आवरेना. बेटावरच्या मावशीला भेटून सफाक्सला घरी परतणारा हा मुलगाच तो दीडशहाणा निघावा, याला काय म्हणायचं!

पुढे दर रविवारी तो सीडी घेऊन सफाक्सच्या धक्क्यावर येऊ लागला. लिंबाचं सरबत, हरीसाची तिखट चटणी ओघळणारा, फ्रिकासे नावाचा तळलेला भरला पाव, आणि भांडण.

"तुमच्या गावात लग्नाला कुसकुसचं मोठं पातेलं कुठून आणता?" तो विचारायचा.

"शेजारून."

"मग! घरटी एक पातेलं कशाला? शिवाय ते गळायला लागलं तर एकच दुरुस्त करायचं. तुझ्या पद्धतीने मी बारा घरची पातेली तपासत फिरू?"

"आणि एकाच दिवशी दोन लग्नं निघाली तर? एकाला जुनं पातेलं हवं, दुसऱ्याला नवंच हवं... मग? आणि शेजारी समुद्रापलीकडे राहत असेल तर? प्रत्येकाने आपलं सामान आपल्याबरोबर आणावं. जड झालं तर होऊ दे, पण कुणाची वाट तरी बघायला नको."

"कुणाचीच?" तो हळूच म्हणाला. एमनाने सरबताच्या पेल्यात डोळे बुडवले.

गंमत अशी, की एवढा काटेकोर माणूस, पण दर वेळी त्याच्या सीडीवर एक तुकडा कमी असायचा. मुलांचा भूमितीचा प्रोग्राम मार्चमध्ये सुरू व्हायचा, तो मे उजाडला तरी अडून बसला होता. मुख्याध्यापक वैतागले. "या मुलाला मोजता येत नाही का गं?" आई विचारायची आणि टोपलीत सुकवलेला ऑक्टोपस भरून द्यायची. एमना रागावल्यासारखं करत बोट पकडायची. त्या वर्षी तिला बोट कधी लागली नाही.

जूनच्या पहिल्या रविवारी वज्दीने तिच्या हातात तीन सीड्या ठेवल्या.

"तीन?"

"तू जिंकलीस. प्रत्येक प्रोग्राम आपलं सामान घेऊन आलाय. जागा तिप्पट गेली, पण आता तुला कुणाला काही मागायला नको." त्याने नजर बोटीकडे वळवली. "मला जर्मनीत नोकरी मिळालीय. महिनाअखेरीला निघायचंय. तू अडकून पडू नयेस म्हणून..."

"छान," एमना म्हणाली. "अभिनंदन." आणि सरबत अर्धं टाकून ती बोटीवर चढली.

सोमवारी तिने सीड्या लावल्या. बाराही संगणकांनी एक अक्षर न विचारता सगळं मुकाट्याने घेतलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावर त्रिकोण फिरू लागले, आणि एमना खडू आणायच्या निमित्ताने बाहेर जाऊन रडली. ती ज्यासाठी तीन महिने भांडली, ते तिला मिळालं होतं. आता रविवारी जायला कारण उरलं नव्हतं.

आज बेटावर सगळं इंटरनेटवरून क्षणात उतरतं. कुणाचं काही राहत नाही, कुणी कुणासाठी बोट पकडत नाही. सोय झाली हे खरंच. तरी एमनाला अधूनमधून त्या अडून बसणाऱ्या संगणकांची फार आठवण येते.

पण तेव्हा, त्या जूनमधल्या पुढच्याच रविवारी, ती गेलीच. या वेळी टोपली नव्हती, यादी नव्हती. वज्दी धक्क्यावर, नेहमीच्या जागी, दोन सरबतं घेऊन बसला होता. एक पेला तसाच भरलेला होता.

"काय राहिलं?" तो घाईने उठला. "मी तर तीनदा तपासलं होतं..."

"काहीच नाही राहिलं."

"मग?"

"मग काय? काही राहिलं नाही, तरी आले."

बोटीचा भोंगा वाजून गेला.

"एमना... ते आधीचे तुकडे मी मुद्दाम..."

"दुसऱ्याच रविवारी कळलं होतं मला. सीडीबरोबरच्या तुझ्या यादीत त्या तुकड्याचं नाव लिहून खोडलेलं दिसत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू पूर्ण सीडी दिली असतीस."

तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "दोन वर्षांचंच काम आहे तिथलं. थांबशील? तूच म्हणायचीस, कुणाची वाट बघायला नको..."

"ते प्रोग्रामांचं म्हणत होते रे, दीडशहाण्या." तिने तो भरलेला पेला उचलला. "आणि शुक्रवारी तुझ्या आईला घेऊन बेटावर ये. माझ्या आईला बघायचंय, मोजता न येणारा मुलगा दिसतो तरी कसा."