मोरीच्या वळणावरचा देव

"सुरक्षित आहे म्हणजे नेमका कुठे आहे, काका?" प्राप्तीने तिसऱ्यांदा विचारलं.

रस्त्याच्या कामावरचे बाळाजी मुकादम खुर्चीत रेलून चकली खात होते. "गोदामात. आता दिवाळी होऊ दे, मग बघू. तुम्ही पोरं फटाके उडवा की!"

"गोदाम कुठे आहे?"

"लांब हाय," मुकादम म्हणाले आणि त्यांनी दुसरी चकली उचलली.

प्राप्ती आणि तिचे दोघे भाऊ आपापल्या सायकलींकडे वळले. पहिल्या आंघोळीचं उटणं अजून कानामागे होतं, आणि प्राप्तीच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. परवा पाडवा. पाडव्याला ठमाआजी कुणाला ओवाळणार?

प्राप्तीच्या शेजारी राहणाऱ्या ठमाबाई आईच्या पोटात होत्या, तेव्हा त्यांचा बाप पलटणीबरोबर ब्रह्मदेशात लढायला गेला. तो परत आला नाही. देह नाही, अस्थी नाहीत, घरात एखादा फोटोही नाही. लढाई संपल्यावर आंबेखोलच्या वेशीवर पिंपळाच्या पारापाशी एक दगड बसवला गेला, तेवढाच काय तो बाप. दर पाडव्याला लेकी बापाला ओवाळतात. ठमाबाई ओवाळायच्या त्या दगडाला. त्याच्या पायाशी वाटीएवढी खोबणी होती. तिथे निरांजन ठेवायच्या आणि चुन्याने पांढऱ्या झालेल्या दगडावर बोट फिरवत म्हणायच्या, "ही दुसरी ओळ. हे माझ्या बाचं नाव." त्यांना वाचता येत नव्हतं. चुन्याच्या इतक्या थरांखालचं वाचता येणारं गावातही कुणी उरलं नव्हतं.

गेली दोन वर्षं निरांजनाचं ताम्हन धरायला प्राप्ती जायची. पण गेल्या दिवाळीनंतर रस्ता रुंद झाला, पार गेला, पिंपळ गेला, आणि दगडही गेला.

"मुकादम खोटं बोलतोय," मितेश म्हणाला. प्राप्तीचा हा धाकटा भाऊ कीर्तनाला पहिल्या रांगेत बसायचा, प्रसादासाठी. "कारण की, बघ हां, आधी त्याने चकली ठेवली, मग वर बघितलं, मग..."

"तुझा पूर्वरंगच एवढा लांब, की उत्तररंगाला लोक घरी गेलेले असतात," प्राप्ती म्हणाली. "मुद्द्यावर ये."

"मुद्दा असा की, तो आपल्याकडे बघतच नव्हता."

"एकदम बरोबर," ऋत्विक म्हणाला. हा त्यांचा मावसभाऊ. सुट्टीला पनवेलहून आला होता, तो बारीक टायरची शर्यतीची सायकल आणि तिच्याबद्दलचा सगळा तोरा घेऊनच. "इथली माती, दगड डंपरने कुठे नेले? तिथेच बघायचं. खाली खाडीपर्यंत उतारच आहे. माझ्या मागे राहता आलं तर या."

"तुझ्या टायरपेक्षा आमच्या आईच्या शेवया जाड असतात," मितेश म्हणाला.

कुंडलिकेच्या काठाकाठाने तिघं निघाली. भातं कापणीला आली होती. नदी वळेल तसा रस्ता वळत होता, आणि कडेला पडलेल्या भरावाच्या प्रत्येक ढिगापाशी उतरून ती बघत होती. विटांचे तुकडे, मुळं, गटाराचे पाइप. दगड कुठेच नव्हता. ऊन चढलं. ऋत्विकची बढाई थकली, आणि ओढ्यावरच्या मोरीच्या वळणावर त्याचं मागचं चाक फुस्स करून बसलं.

"शेवयांना भोक पडलं," मितेश गंभीरपणे म्हणाला.

वळणावर नीराबाईंची चहाची टपरी होती. ट्यूब बुडवून भोक शोधायला त्यांनी पाण्याचं घमेलं दिलं. चहाचे पैसे मात्र घेतले नाहीत. "सणाची पोरं तुम्ही," एवढंच म्हणाल्या. बाईंचा आवाज आत कुठेतरी पडल्यासारखा होता.

टपरीसमोर रस्त्याच्या कडेला एक देव होता. शेंदराने लालभडक, गळ्यात झेंडूची माळ, पुढ्यात नारळाच्या करवंट्यांचा ढीग. एक ट्रकवाला उतरला, हात जोडून, बोटाने शेंदूर लावून निघून गेला.

प्राप्ती बघत राहिली. देव गोल असतात, ओबडधोबड असतात. हा ताठ होता. याला कोपरे होते.

"मावशी, हा देव केव्हापासून आहे?"

"माझा काळूराम गेला तवापासून," नीराबाई म्हणाल्या. "रस्ता खोदून ठेवला व्हता. ना फलक, ना दिवा. पोर मोटारसायकल घेऊन येत व्हता, तो खाली गेला. बाराव्याच्या दिवशी मी इथं आले, तर भरावात हा दगड पडलेला. ज्या जागी पोर गेला, त्याच जागी. चिखलानं, चुन्यानं माखलेला. मी धुतला. अंगावर काय काय अक्षरं व्हती. म्हटलं, देवाचीच असतील. दोन डायवरांनी उभा करून दिला. तवापासून या वळणावर कुणाला खरचटलं न्हाय. तो रस्त्याचा मुकादमबी रोज सकाळी येऊन नारळ फोडून जातो." त्या जराशा हसल्या. "आन बघ, दिव्याची जागापन संगती घेऊन आलाय."

दगडाच्या पायाशी वाटीएवढी खोबणी होती. तेलाने काळी झालेली.

प्राप्तीच्या हातातल्या घमेल्यातलं पाणी खाली सांडलं. ऋत्विकने तिच्याकडे पाहिलं, आणि त्यालाही कळलं. मितेशने तोंड उघडलं, तेवढ्यात ऋत्विकने त्याच्या पायावर पाय दिला.

दगड सापडला होता. आनंदाने ओरडायला हवं होतं. पण त्या बाईला सांगायचं तरी काय? तुमचा देव आमचा आहे, असं?

शेवटी प्राप्तीने सांगितलं. सगळं. ठमाआजी, ब्रह्मदेश, पाडवा.

नीराबाई बराच वेळ स्टोव्ह पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोर गेलं. आता देव पन न्या म्हनता?"

पंक्चर काढून तिघं चढावर लागली. त्या दिवशी कुणी कुणाच्या पुढे गेलं नाही.

घरी आल्याआल्या प्राप्ती ठमाबाईंच्या ओटीवर जाऊन बसली. तिला वाटलं होतं, आजी म्हणतील, आधी दगड आणा. पण सगळं ऐकल्यावर आजींनी पहिलं विचारलं, "केवढा व्हता गो तिचा पोर?"

"वीस-बावीसचा असेल."

"माझा बा पन तेवढाच व्हता." आजींनी कोनाड्यातलं ताम्हन खाली काढलं. "दगड नको मागू तिच्याकडं. मला तितं घेऊन चला. तिच्या दारात जाऊन ओवाळीन."

पाडव्याच्या सकाळी प्राप्तीच्या बाबांची मिनिडोर रिक्षा निघाली. आत नवी साडी नेसलेल्या ठमाबाई, मांडीवर ताम्हन. शेजारी सरपंच दिनानाथकाका. त्यांना मुलांनीच गळ घालून आणलं होतं. "अरे, मुकादमाने मला शब्द दिलाय, दगड गोदामात आहे," असं ते वाटभर म्हणत होते. मिनिडोरच्या पुढे तीन सायकली.

वळणावर पोचले तर बाळाजी मुकादम आधीच तिथे. हातात नारळ. नीराबाईंकडे न बघता ते रोज सकाळी इथे नारळ फोडायचे.

ऋत्विकने प्राप्तीला डोळ्याने खूण केली. दोघांचं कालच ठरलं होतं.

"काका," प्राप्ती म्हणाली, "आमचा दगड गोदामात आहे ना?"

"हाय म्हटलं ना."

"मग या देवावर हात ठेवून सांगा. सरपंचही आहेत."

मुकादमांचा हात वर झाला आणि शेंदरापासून वीतभर अंतरावर थांबला. या देवापुढे खोटं बोलायची त्यांची छाती नव्हती. का नव्हती, ते नीराबाईंना ठाऊक होतं. फलक लावायचा राहिला होता, तो कुणामुळे, हे त्या विसरल्या नव्हत्या.

"न्हाय," ते पुटपुटले. "गोदामात न्हाय. डंपरमध्ये टाकला. कुठल्या भरावात गेला, देवाला ठाऊक."

"देवाला ठाऊकच आहे," मितेश म्हणाला. त्याचा हा पहिलाच पूर्वरंगाशिवायचा उत्तररंग. "तुम्ही रोज त्यालाच तर नारळ फोडता."

मुकादम मटकन खाली बसले. दिनानाथकाकांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि कुणाकडेच बघितलं नाही.

ठमाबाईंना यातलं काही ऐकू आलं की नाही कोण जाणे. त्या प्राप्तीचा हात धरून देवापुढे आल्या. खोबणी चाचपली. निरांजन पेटवून शेंदराच्या देवाला ओवाळलं. मग निरांजन खोबणीत ठेवून मागे वळल्या. "बाई, वर्षभर माझ्या बाची पूजा केलीस. तुझे लई उपकार."

नीराबाईंनी विचारलं, "त्यांना शेवटचं कुनी बघितलं?"

"कुनीच न्हाय."

"मी काळूला बघितला तरी," नीराबाई म्हणाल्या. त्या आत गेल्या आणि तेलाची वाटी घेऊन आल्या. "दिवाळीचं देवालाबी न्हाऊ घालतात. ए पोरी, धर."

जुन्या देवांवर शेंदराचे थर साचले की कधीतरी ते एकसंध सुटून येतात. देवाने कवच सोडलं म्हणतात. नीराबाई कडेकडेने तेल सोडत गेल्या, नखाने उचलत गेल्या. घाई नव्हती, जोर नव्हता. झोपलेल्या मुलाच्या अंगावरचा सदरा काढावा तसं ते लाल कवच त्यांनी सोडवलं. खाली काळा दगड ओला चमकत होता. चुन्याचा मागमूस नव्हता. अक्षरं स्वच्छ होती.

"वाच गो," ठमाबाई म्हणाल्या.

प्राप्तीने वाचलं, "'महायुद्धात या गावातून ११ जण गेले.'" आणि ती थांबली. दुसऱ्या ओळीवर आजींचं बोट आधीच पोचलं होतं.

खोटं वाचणं सोपं होतं. बापाचं नाव तिला माहीत होतं. पण ज्या दगडापुढे मुकादमही खोटं बोलला नाही, तिथे ती कशी बोलणार?

"'त्यांतले ४ परत आले नाहीत.' एवढंच आहे, आजी. नाव नाही. कुणाचंच नाही."

आजींचं बोट त्या चारच्या आकड्यावर राहिलं. आयुष्यभर ते तिथेच फिरलं होतं. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही. खाली नदी वाहत होती.

"म्हंजे मी आजवर चौघांना ओवाळलं," त्या हळूच म्हणाल्या. "त्या तिघांना लेकी व्हत्या का न्हव्हत्या, कुनाला ठावं. बरंच झालं."

नीराबाईंनी तोंडाला पदर लावला. मग म्हणाल्या, "न्या त्याला गावात, त्याची मानसं तितं हायत."

मुकादमांनी स्वतः लोडर बोलावला. दगड उचलायच्या आधी ऋत्विक आणि मितेश नदीतून एक गुळगुळीत धोंडा ढकलत वर घेऊन आले. नीराबाईंनी तो वळणावर बसवला आणि ते कवच त्याच्यावर चढवलं. चढवण्याआधी प्राप्तीने आत डोकावून पाहिलं. शेंदरात अक्षरं उलटी उमटली होती, आणि तो चारचा आकडाही. "राहू दे," नीराबाई म्हणाल्या. "माझ्या काळूला सोबत."

दुपारी दगड वेशीवर उभा राहिला. दिनानाथकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "आम्ही मोठी माणसं शब्दावर बसून राहिलो. तुम्ही पोरांनी पायडल मारलं. शाबास." नव्या पारासाठी जागा त्यांनी तिथल्या तिथे आखून घेतली. वळणावर फलक लावल्याशिवाय मुकादमांनी घरी फराळाला जायचं नाही, हेही त्यांनी बजावलं.

मितेशच्या हातावर खोबऱ्याचा मोठा तुकडा पडला. तो त्याने, आश्चर्य म्हणजे, तिघांत वाटला.

ठमाबाईंनी तेलाचा हात प्राप्तीच्या डोक्यावरून फिरवला. "दुसरं कुनी असतं तर मला बरं वाटावं म्हनून नाव वाचलं असतं," त्या म्हणाल्या. "तू न्हाय वाचलंस. गुनाची गो माझी पोर."

मग ताम्हन तिच्या हाती देत त्या घराकडे वळल्या आणि दोन पावलांवर थांबल्या.

"पुढल्या पाडव्याला वाती चार वळून ठेव. मी असले तरी, आन नसले तरी."