निळ्या पार्टीची वैरीण

पहिल्याच दिवशी आमचं भांडण झालं, तेही एका खुर्चीवरून.

शहाण्णव सालचा हिवाळा. इचोड्याला हायवेवर, टायरच्या दुकानाच्या माडीवर नवीन कॉम्प्युटर क्लास निघाला होता. बारावी होऊन मी घरी बसले होते. रिकामं बसून भांडी आपटते त्यापेक्षा बरं, म्हणून बाबांनी माझं नाव घातलं. सकाळची बॅच पोरांची, अकराची आम्हा पोरींची. रंगीत पडद्याची मशीन एकच, आणि ती माझ्या वाट्याला आली होती. मी जिना चढून वर आले तर तिथं एक लांबलचक पोरगा ठाण मांडून बसलेला. केसांत कापसाची पुंजकी. कापसाची गाडी जिनिंग मिलवर खाली करून तसाच आला असावा.

उठा म्हटलं, हलेना. परत म्हटलं, तर पडद्यावरची नजर न काढता म्हणतो, "एक मिनिट हो... निळ्यांचं ठाणं उपाशी हाय."

"मंग मी काय करू? भाकरी थापू?"

तेव्हा त्यानं मान वळवली आणि हसला. मेला असा हसला, की पुढचं जे झणझणीत बोलायचं होतं ते मला आठवेचना.

त्याचं नाव उद्धव. गुडीहत्नूरकडच्या एका गावचा, घरी कापूस आणि ज्वारी. उठता उठता त्यानं मला तो गेम समजावून सांगितला. आकाशात ठाणी आहेत, काही लाल पार्टीची, काही निळ्या पार्टीची. दोघांचं हाडवैर. आपण दोन्हीकडचे नाही. आपण एकटे, एक लहानसं विमान घेऊन फिरायचं, इकडचा माल तिकडं विकायचा. ज्या ठाण्याला धान्य-औषध पोचवाल त्याचा मालक जोरात, ज्याला उपाशी ठेवाल ते ठाणं वैऱ्याच्या हाती. एकट्या माणसाच्या फेऱ्यांनी सगळी लढाई फिरते. बॅच सुटायच्या आधी थोडा वेळ सर खेळू द्यायचे. मशीन एक, त्यातलं आकाशही एकच. एक उठला की पुढच्यानं तिथूनच पुढं खेळायचं.

"सांभाळून घ्या जरा," तो जिन्यावरून म्हणाला. "निळे माझे हायत."

आता मला कोणी सांभाळून घ्या म्हटलं की माझे हात शिवशिवतात. मी त्याच दिवशी लाल पार्टीची झाले.

गोळ्या झाडणं मला जमलं नाही. पण माझे बाबा, सुधाकरराव, कापसाची अडत करतात. आमच्या घरी ताटावरसुद्धा तेजी-मंदीच वाढलेली असते. निळ्यांच्या ठाण्याभोवती जेवढं धान्य मिळालं तेवढं मी उचललं आणि लाल ठाण्यांवर नेऊन ओतलं. निळे बसले पोटाला चिमटा घेऊन. दुसऱ्या दिवशी त्यांचं ते लाडकं ठाणं लाल झालं.

मी येईन तेव्हा उद्धव जिन्यात डोकं धरून बसला असेल, असं मला वाटलं होतं. तर तो मजेत. डोळे चमकत होते. सर म्हणत होते, मशीन आपोआपच करते असं. याला ते पटत नव्हतं.

"हे मशीनचं काम नाही," मला थांबवून तो सांगू लागला. "कोणी तरी हाय... एकटंच. एक गोळी झाडत नाही, आन् माझं सारं आकाश फिरवून राह्यलं. काय डोकं हाय हो! तुमच्या बॅचमधली तर नाही कोणी?"

मीच ती, हे ओठावर आलं होतं. पण तो इतक्या कौतुकानं बोलत होता, आणि मला आणखी ऐकायचं होतं. मी म्हटलं, मला त्यातलं काही कळत नाही, मी आपली टायपिंग शिकते, खेळायच्या वेळी त्या खुर्चीवर दुसरीच कोणी तरी बसते.

तिथंच चुकलं.

मग रोजच जिन्यात गाठ पडायला लागली. खाली ट्रक भोंगे वाजवत जायचे, थंडीत चहाची वाफ दोघांच्या मधून वर जायची आणि तो त्या दुसऱ्या कोणाबद्दल बोलत राहायचा. आज तिनं औषधं अडवली, आज तिनं मला बरोबर खिंडीत गाठलं. 'कोणी तरी'ची 'ती' कधी झाली, ते त्यालाही कळलं नाही. बोलताना तो माझ्याकडे बघायचा, पण बघायचा तिला. मी मान डोलवायची. घरी गेल्यावर उशीला बुक्क्या मारायची. माझंच कौतुक, आणि मलाच त्याचा जळफळाट! असा मत्सर वैऱ्यालाही होऊ नये. खरं सांगून टाकावं, तर मग जिन्यात बोलायला त्याला काय उरणार होतं? मी भाव पडायची वाट बघणाऱ्या अडत्यासारखी गप्प बसले.

आणि एक दिवस विमलची मशीन अडकली.

विमल आमच्याच बॅचमधली, हैदराबादहून मामाकडे आलेली. मानेपर्यंत कापलेले केस, इंग्रजी फाडफाड, स्वभावानं मात्र गरीब. तिला एक अर्ज टाइप करायचा होता, म्हणून मी माझी रंगीत मशीन तिला दिली. नेमका त्याच वेळी उद्धव राहिलेली टोपी न्यायला वर आला. त्यानं त्या खुर्चीवर विमलला पाहिलं, टोपी तशीच विसरून खाली गेला, आणि माझी साडेसाती सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी तो शेतातला हुरडा घेऊन आला. गरम गरम, फडक्यात बांधलेला. माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "विमलबाईले द्या."

देवा रे. निळ्यांना उपाशी मी मारलं, आणि हुरडा विमलला!

दिला मी. विमलनं खाल्ला आणि किती छान माणूस आहे म्हणाली. मला पण घे म्हणाली. मी म्हटलं, माझे दात दुखतात. त्या दिवशी मी निळ्यांची दोन ठाणी बुडवली. तो आणखीनच खूश. परवा विमलला पेरू, तेरवा विमलला बोरं. ती खाली उतरायची तेव्हा हा जिन्यात बाजूला सरून उभा राहायचा, शर्टाची कॉलर नीट करत. माझ्यासाठी कधी कॉलर नीट केली नव्हती मेल्यानं.

संक्रांत झाली, आणि एका सकाळी तो जिन्यात चहा न घेता उभा होता. घरी त्याच्यासाठी पोरी बघणं चाललं होतं. भैंसा गावचं एक स्थळ जवळजवळ ठरत आलं होतं. त्याच्या आईनं, लक्ष्मीबाईनं, त्याला शेवटचं विचारलं होतं, मनात कोणी असेल तर संध्याकाळपर्यंत सांग.

"हाय ना मनात," तो खाली बघत म्हणाला. "पण तिच्याशी कधी धड बोललो बी नाही. म्हणून म्हटलं... निळ्यांचं आता एकच ठाणं उरलं. आज मी ते उघडं ठेवलं. तिनं त्याले धान्य देऊन वाचवलं तर तिचं हो. बुडवलं तर नाही. तुमी तिच्या मैत्रीण, एवढं तिले सांगता का?"

ठाणं वाचवलं तर हा माझ्या हातून विमलचा होणार. बुडवलं तर हा भैंशाच्या पोरीचा होणार. आणि दोन्हीकडं हात माझाच!

"सांगता ना?" त्यानं विचारलं.

मी वर गेले. रंगीत मशीनसमोर बसले. तिथं ते निळं ठाणं लुकलुकत होतं, एकटं. सर खाली चहाला गेले होते. विमल पलीकडे टायपिंग करत होती, दोघी-तिघी आणखी होत्या. मग मला त्याचा राग आला, माझा त्याहून जास्त आला, आणि मी उठून जिन्याशी गेले.

"वर या," म्हटलं.

पोरींच्या बॅचमध्ये तो कधी बसला नव्हता. लाजत लाजत आला. मी स्टूल ओढलं, बसा म्हटलं, आणि खेळायला लागले. आधी शेजारच्या ठाण्यावरचं सगळं धान्य उचललं. मग पलीकडची औषधं. गोळी एक नाही. तो आधी पडद्याकडे बघत होता, मग माझ्या बोटांकडे, मग माझ्याकडे. या वेळी मलाच बघत होता.

"तुमी...?" आवाज अगदी खाली गेला होता.

"मी."

"पयल्यापासून? आन् मी रोज तुमालेच..."

"मलेच माझं कौतुक सांगत होते. आन् हुरडा विमलले."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. विमानात धान्य भरलेलं होतं, ठाणं समोर होतं. तो हळूच म्हणाला, "मंग... वाचवा ना."

एक बटण दाबायचं होतं. सगळं गोड झालं असतं. पण माझा स्वभाव कुठं जाईल? त्याचा तो प्रश्न विमलच्या नावानं आला होता. दुसरीच्या नावचं हो मला नको होतं. मी विमान वळवलं आणि सगळं धान्य त्याच्या डोळ्यांदेखत लाल पार्टीला विकलं. निळ्यांचं शेवटचं ठाणं लाल झालं. उद्धवचा चेहरा पडला.

"हे 'नाही' विमलच्या नावच्या प्रश्नाले," मी म्हटलं. "मले तुमी पायजे. आता माझ्यासाठी विचारा."

त्यानं एकदा मागं वळून पाहिलं. पोरी टायपिंग थांबवून बघत होत्या. खाली जिन्यात सरांच्या चपला वाजायला लागल्या.

बैलबाजारात दलाल चारचौघांत भाव बोलत नाहीत. हातावर उपरणं टाकतात आणि खालून बोटं धरतात. जेवढी बोटं, तेवढा भाव. ते आपल्यालाच कळतं, बाजाराला कळत नाही. मी ओढणीचं टोक कीबोर्डच्या बाजूला, माझ्या हातावर टाकलं. शेतकऱ्याच्या पोराला सांगायची गरज पडली नाही. त्याचा हात ओढणीखाली आला, थंडगार, बोंडांनी ओरखडलेला. आधी एक बोट धरलं, मग दुसरं... आणि मग पाचही धरली, घट्ट.

"एवढा भाव?" मी पडद्याकडे बघतच विचारलं.

"पाचच बोटं हायत तुमाले," तो म्हणाला. "नाही तर आणखी धरली असती."

सौदा मोडायचा असेल तर बाजारात हात ओढून घेतात. सर दारात आले, हे काय चाललंय म्हणाले. उद्धव उठला नाही आणि मी हात ओढला नाही. विमलनं खुर्ची वळवून आमच्याकडे पाहिलं.

पाहू दे, म्हटलं.