झांजिबारला निघालेली नवरी

१९३६ सालचा हिवाळा. कारंज्याच्या वाटेवर धुकं अजून विरलं नव्हतं, आणि समोरून भाजीची गाडी आली. मी चटकन कडेला सरकले. विधवा बाई सकाळी आडवी गेली की माळी गाडी परत फिरवतात, हे मला चांगलंच पाठ होतं.

पण गाडीवाला खाली उतरला.

"थांबा ना बाई! आज भवानी तुमच्याच हातानं करतो."

दिवसाची पहिली विक्री… आणि विधवेला!

"धंदा बसंल तुमचा."

"बसू द्या. कोथिंबीर घेता?"

तो शालिकराम. मग रोजच त्या वळणावर गाडी थांबू लागली. घरात इतकी कोथिंबीर झाली आणि मी ती इतकी वाटत सुटले की शेजारणी मला पाहून दारं लावू लागल्या.

संक्रांत झाली आणि त्याची आई, गोजराबाई, आली. "पोरगं येडं झालं तुह्यापाई. पाट लावून देतो तुमचा. अवसेच्या राती, गुपचूप."

विधवेचं दुसरं लग्न ते पाट. तो अंधारातच लागायचा, आणि सकाळी त्या नवरीचं तोंड कुणी बघायचं नाही. मला संताप आला.

मी अकोल्याला सुईणीचं काम शिकले होते, आणि झांजिबारच्या दवाखान्यातून मला बोलावणं आलं होतं. शालिकरामच्या वांग्याच्या वाफ्यात जाऊन मी त्याला ते सांगितलं.

"समुद्रापार? एकल्या? काहून?"

"इथं पोर माह्या हातानं जन्मते, अन् बारशाले मलेच बोलावत नाहीत. तिथं मले नाव घेऊन बोलावलं."

"अन् मी?"

"तुमी मले लय आवडता. पण अंधारात नाई येणार मी तुमच्या घरात."

तो बराच वेळ ढेकळं फोडत बसला.

"किती दिस?"

"तीन वर्सं."

"मंग… जा," तो म्हणाला, आणि त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी रडत घरी आले.

निघायच्या दिवशी भर दुपारी कारंजा स्टेशनवर डफडं कडाडलं. पुढे शालिकराम, डोक्याला गुलाबी फेटा! मागे गोजराबाई, तोंड फुगवून, पण आलेली.

"ऐका हो!" तो हमालांना, पानवाल्यांना ओरडून सांगत होता. "हे आवडा, माही होणारी बायको! कामाले चालली. वापस आली का लगन लावतो, असंच, भर उन्हात!"

"येडे झाले का तुमी?" मी लाजून पुटपुटले.

"हाव. कवाचाच."

गाडी हलली. मी पदर मागे सारला आणि खिडकीतून तोंड बाहेर काढलं, सगळ्या कारंज्याला दिसेल असं.