भानखेडची हिरवी भिंत

२०४७ साली भानखेडची तांब्याची भट्टी बंद पडून एकवीस वर्षं झाली होती. मागे उरला होता भट्टीतल्या मळाचा काळा डोंगर आणि त्याच मळाच्या विटांची घरं.

डॉ. यामिनी गद्रे यांनी डोंगराच्या पुढच्या उतारावर ताम्रभक्षी जिवाणू सोडले.

"हे मळातलं उरलंसुरलं तांबं पाण्यात उतरवतात," त्यांनी जुने मुकादम डोमाजी यांना सांगितलं. "फक्त आंबट ओल हवी. इथला मळ पचवायला शिकायला त्यांना आठ महिने लागले."

"आमच्या जावयाले इथलं पाणी पचायलाही तेवढेच लागले," डोमाजी म्हणाले.

महिनाअखेर सरकारी समिती येणार होती. डोंगरातून निळं पाणी झिरपताना दिसलं, तर त्या पाण्यातून तांबं काढायचा कारखाना उघडणार. नाहीतर गाव उठवणार.

त्याआधी खंडेनवमी आली. भट्टी चालू असताना कामगार त्या दिवशी डोंगराला चुन्याचे पट्टे ओढून पूजा करत. पुन्हा काम मिळालं म्हणून डोमाजींनी हौसेनं वीस पोती चुना आणवला. पुढचा उतार पांढराशुभ्र झाला. नुकतंच झिरपू लागलेलं निळं पाणी तीन दिवसांत रंगहीन झालं.

"चुन्यानं आंबटपणा गेला, त्याबरोबर जिवाणूही," यामिनी म्हणाल्या. "नव्यांना पुन्हा आठ महिने."

डोमाजी उतारावरचा चुना हातानंच खरवडू लागले.

डोंगरावर जिवाणूंचं आंबट पाणी शिंपणाऱ्या सुगंधाबाई पुढे आल्या. "चुना नसंल तिथं जगतात ना ते? मंग माह्या घरी चाला."

नवरा भट्टीत जळून गेला, तेव्हापासून त्यांनी घराला चुना लावला नव्हता. शिंपणाची बादली त्या रोज मागच्या भिंतीशी विसळत. भिंत ओली, हिरवीनिळी झाली होती. बोट लावताच वीट भुसभुशीत सुटली.

"अख्खी भिंत लागेल," यामिनी हळूच म्हणाल्या. "घर पडेल."

"त्याईनं बांधलं होतं." सुगंधाबाईंनी पदरानं भिंत पुसली. "गाव उठलं तं भिंत घेऊन कुठं जाऊ? काढा."

भिंत पाडून तिचा चुरा चुना न लागलेल्या मागच्या उतारावर पसरून आंबट पाण्यानं भिजवला. समितीनं निळं पाणी पाहिलं.

यामिनी भानखेडलाच राहिल्या. डोमाजींनी पानालाही चुना लावणं सोडलं. पण जिवाणू डोंगरावर थांबले नाहीत; मळाची वीट दिसली की खाऊ लागले. आता भानखेडात दर वर्षी घराला चुना लावणं सक्तीचं आहे. सुगंधाबाईंनी नवं घर हट्टानं मळाच्याच विटांचं बांधून घेतलं, आणि चुन्याचा पहिला हात स्वतः मारला.