निळं पडलेलं तुतीचं दूध

आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट कुणालाच खरी वाटत नाही. एक गृहस्थ तर न्हाव्याच्या खुर्चीत ऐकत होते, ते अर्धी दाढी तशीच ठेवून उठून गेले! तुम्हालाही पटायची नाही. नका पटवून घेऊ. ऐका मात्र.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन भावंडं आत्याकडे आली होती. तिच्या परसातलं तुतीचं झाड असं लगडलं होतं की फांद्या जमिनीला टेकल्या होत्या आणि कावळे आडवे पडून खात होते.

"शंके, देठ काढ देठ! लोकांना दुधातून काय काड्या प्यायला द्यायच्यात?" आत्या खेकसली.

"काढतेय ना! या रेडिओला सांग की. निवडतोय कमी, गिळतोय जास्त!"

"मी चव बघतोय! आंबट निघाली तर नाव कुणाचं खराब होणार? आत्याचं! म्हणून प्रत्येक तुती तपासून..."

शंकीचा हा भाऊ एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण कुणालाच सापडायचं नाही. म्हणून तो रेडिओ. ती प्रत्येक गोष्टीवर शंका काढायची, म्हणून शंकी. आणि झाडाच्या शेंड्यावरून ज्याचे फक्त पाय दिसत होते, तो त्यांचा चुलतभाऊ घोरपड. भिंत दिसली की चढलाच!

गंमत बाजूला राहू द्या, त्या दिवशी आत्या चिडलेलीच होती आणि तिला कारणही होतं. तिचा शिवणकामाचा कारखाना बंद पडला होता. जलतरण तलावावर खाण्यापिण्याचा एक काउंटर होता. तो मिळाला तर तिचं घर चालणार होतं. नाही मिळाला तर घर सोडून थोरल्या जावेकडे राहायला जायचं. थोरली जाऊ म्हणजे अशी तिखट की तिचं नाव काढलं तरी शेजाऱ्यांना ठसका लागायचा!

पण त्या काउंटरवर बरीच वर्षं डेअरीवाला ठाण मांडून होता. तलावाच्या मॅनेजरबाईंनी दोघांना बोलावून सांगितलं होतं, "उद्या सकाळी दोघांनी फळांचं दूध करून आणा. पोहणाऱ्यांना आवडेल त्याचा काउंटर. रडारड चालणार नाही."

पहिल्या पातेल्याचा बट्ट्याबोळ झाला. उकळत्या दुधात कुस्करलेल्या तुती टाकल्या आणि दूध तिथल्या तिथे फाटलं. मग आत्याने डोकं लढवलं. तुती साखर घालून मंद आचेवर शिजवल्या, घोटल्या, फडक्यातून गाळल्या, रस गार केला आणि गार दुधात धार धरली. काय जांभळा रंग चढला! चव अशी की रेडिओ चक्क गप्प बसला.

"उद्या रस वेगळा न्यायचा, दूध वेगळं," आत्या म्हणाली. "लोकांच्या डोळ्यांदेखत मिसळायचं. लपवाछपवी नको."

दुसऱ्या दिवशी तलावावर ही गर्दी! डेअरीवाला आपल्या गुलाबी दुधाच्या कॅनशेजारी पोट पुढे काढून उभा होता.

"आलात का? घरात पेले घासायचं सोडून धंदा करायला निघाल्या! आणि ही माकडं कशाला आणलीत?"

"माकडं झाडावरची ताजी फळं आणतात, काका," शंकी म्हणाली. "तुमची कुठून येतात?"

"तोंड सांभाळ! ताज्या तुतीचंच आहे हे!"

आत्याने पेल्यात दूध ओतलं, वरून रस सोडला, ढवळलं आणि तिचा हातच थांबला. दूध जांभळं होईना! ते निळसर झालं, मग राखाडी. भांडी घासल्यावर मोरीतून वाहतं ना, तसं.

"विष!" डेअरीवाला किंचाळला. "निळं दूध! बघा हो, पोरांच्या जिवावर उठली ही बाई!"

झालं! गर्दी अंगावर आली. "शाई घातली असेल कार्ट्यांनी!" "हाकला यांना!" कुणीतरी ओली चप्पल उगारली. मॅनेजरबाई थंडपणे म्हणाल्या, "उचला सामान. दुपारी कार्यालयात या आणि माघार घेतल्याचं सगळ्यांसमोर सांगा."

घरी आल्यावर तर रणच पेटलं.

"तूच काहीतरी कालवलंस, रेडिओ!"

"मी? मी फक्त तुती खाल्ल्या! घोरपडीने कॅनला हात लावला होता!"

"हात लावला म्हणून दूध निळं पडतं होय रे? मी काय नीळ आहे?"

"गप्प बसा!" आत्या ओरडली. "उद्यापासून जावेच्या दारात उभी राहणार मी, आणि तुम्ही भांडा!"

तशी तिघं चपापली. शंकी मुकाट्याने उठली. तिने घरातलं थोडं दूध पेल्यात घेतलं, त्यात रस घातला. जांभळं! दुसऱ्या पेल्यात तलावावर नेलेल्या कॅनमधलं घेतलं. निळं!

"रस तोच आहे. खोट त्या दुधात आहे. आत्या, कॅनमध्ये काय घातलंस?"

"काही नाही गं. ऊन होतं, नासायला नको म्हणून तापवताना खायचा सोडा घातला जरासा. आमच्या आईची सवय."

शंकीने जांभळ्या पेल्यात सोड्याची चिमूट सोडली. ढवळता ढवळता तोही निळा! आत्याने कपाळावर हात मारला.

"पण मग डेअरीवाल्याचं दूध?" शंकीची शंका जागी झाली. "ते सकाळपासून उन्हात असतं, बर्फाचा पत्ता नाही. ते कसं नासत नाही?"

घोरपड बोलत बसला नाही. डेअरीवाला दूध बनवायचा त्या तलावामागच्या खोलीच्या भिंतीवर तो सरसर चढला आणि असा चिकटून राहिला की एका पालीने त्याला जागा करून दिली! परत आला तो दात विचकतच.

"चमच्याने घालतो सोडा! एका बाटलीतून लाल रंगही ओततो. आणि तुती? एक देठसुद्धा नाही तिथे!"

"चला, सगळ्यांना सांगू या!" रेडिओ उसळला.

"कोण ऐकणार आपलं? चप्पल उगारली होती आपल्यावर!" शंकी म्हणाली. "त्याच्याच तोंडून वदवायचं."

दुपारी कार्यालयात सगळी मंडळी जमली. डेअरीवाला आपला कॅन घेऊन खुशीत बसला होता. शंकी खाली मान घालून पुढे झाली.

"काका, आम्ही हरलो. एवढंच शिकवा. तुमचं दूध उन्हात नासत कसं नाही?"

डेअरीवाला फुलला. "त्याला अक्कल लागते, पोरी! चमचाभर खायचा सोडा. दूध दिवसभर फाटत नाही!"

"आणि रंग मात्र बाजारचा असेल ना?" रेडिओने हळूच काडी टाकली.

"ए, जीभ हासडीन! अस्सल तुती! एक थेंब रंग निघाला तर काउंटर सोडून चालता होईन!"

"ऐकलंत ना, मॅनेजरबाई?" शंकीने मान वर केली. "सोडाही आहे आणि तुतीही." तिने त्यांच्यापुढे ताजं जांभळं दूध ठेवलं. "आता यात तुम्ही स्वतः सोडा घाला."

मॅनेजरबाईंनी सोडा घालून ढवळलं. निळं!

"खऱ्या तुतीला सोडा लागला की ती निळी पडते," शंकी म्हणाली. "मग काका, तुमच्या तुती लाजून गुलाबीच राहतात का हो?"

हशा पिकला. डेअरीवाला लालबुंद झाला आणि शंकीच्या अंगावर धावला, पण मध्ये आत्या उभी राहिली.

"पोरीला बोट लावून तर बघा!"

"बसा खाली!" मॅनेजरबाई कडाडल्या. "एवढी वर्षं रंग पाजलात आम्हाला? शब्द तुमचा आहे. कॅन उचला आणि निघा!" मग त्या आत्याकडे वळल्या. "आणि तुम्ही! सोडा पुन्हा दिसला तर तुम्हालाही हाकलीन. दूध बर्फात ठेवायचं. उद्यापासून काउंटर तुमचा."

आत्याला हसावं की रडावं कळेना. सकाळी चप्पल उगारणारा माणूस पुढे येऊन पुटपुटला, "पोरांनो, चुकलो. डोकी आहेत तुमची!" मॅनेजरबाईंनीही शंकीची पाठ थोपटली, तीसुद्धा अशी जोरात की तिला खोकला आला.

आणि पुढचं ऐका! मॅनेजरबाई एवढ्या खूश झाल्या, एवढ्या खूश झाल्या, की त्यांनी तलावातलं सगळं पाणी सोडून दिलं आणि काठोकाठ तुतीचं दूध भरलं! भर उन्हात तिघांनी त्यात सूर मारले आणि दिवसभर पोहत, पीत, पीत, पोहत...

"थापा!" माझ्या पुढ्यात बसून ही गोष्ट ऐकणारी आमची धाकटी ताडकन उठली. "बिनसोड्याचं दूध भर उन्हात दिवसभर? नासून चोथा झाला असता आणि तिघंही त्यात रुतून बसली असती!"